काढून टाकलेली ओळ

“म्याडम, तुमच्या मशिनीकडनं एक कागद पायजे,” तो माणूस दारातूनच म्हणाला. “भोंगा वाजला न्हाई, एवढंच त्यात लिव्हायचं.”

शुक्रवार होता आणि दुपारचा एक वाजत आला होता. बाकीचे तिघं जेवायला बाहेर गेलेले, मी एरंडवण्यातल्या आमच्या त्या तळमजल्यावरच्या ऑफिसात डबा उघडून बसलेली. पायरीवर पन्नाशी उलटलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस उभा होता. शर्टाची मनगटापर्यंतची बटणं लावलेली, हातात कापडी पिशवी. मिरजेहून पहाटेची एसटी धरून आला होता. मी त्यांना ओळखलं नाही, पण आवाज ओळखला. गेली दोन वर्षं फोनवर “मुल्ला बोलतोय लॅबमधनं” असं सुरू होणारा आवाज.

“चाचा, आधी आत या. जेवलात का?”

“जेवन ऱ्हाऊ द्या. कागदाचं सांगा.”

अर्धी भाकरी पुढे केली तेव्हा ते बसले. खाल्ली मात्र नाही, हातात धरून बोलत राहिले.

मिरजेजवळ केळीची रोपं तयार करणारी एक लॅब होती, धनपाल मगदुमांची. काचेच्या बाटलीत बोटाएवढी रोपं, अशा हजारो बाटल्या मांडणीवर, आणि खोली कायम पंचवीस अंशांवर. खोली तापली तर रोपं मरतात. म्हणून आमच्या कंपनीचा प्रोग्रॅम तिथे बसवलेला. दर मिनिटाला तापमान घ्यायचं, तपासायचं, आणि तीसच्या वर गेलं की बाहेरच्या भिंतीवरचा भोंगा वाजवायचा. भोंग्याखाली तो बंद करायचं बटण. इस्माईल मुल्ला तिथे एकोणीस वर्षं ऑपरेटर होते.

आधीच्या रविवारी भरदुपारी वीज गेली. चाचांनी जनरेटर चालू केला. दिवे आले, पंखे आले, एसी मात्र आला नाही, आणि हे त्यांना कळलं नाही, कारण जनरेटरची खोली लॅबच्या मागे आहे आणि ते डिझेल बघत तिथेच बसले होते. साडेतीन तासांनी आत गेले तेव्हा खोली एक्केचाळीसवर होती. तीन महिन्यांची रोपं अक्षरशः शिजून गेली होती.

“मालक म्हनले, मुल्ला, तू बटन दाबून भोंगा बंद केलास आनि झोपलास. समद्या बायांसमोर म्हनले. चाळीस बाया हायत बाटल्या धुवायला. त्यात माझी लेक हाय, नसीम. तिच्यासमोर.” त्यांनी भाकरी डब्याच्या झाकणावर ठेवली. “घरी बस म्हनलं तर बशीन. पन झोपलो म्हनून न्हाई बसनार. भोंगा वाजलाच न्हाई, म्याडम.”

खरं सांगायचं तर मी तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. म्हणजे माणसावर ठेवला, गोष्टीवर नाही. आमचा प्रोग्रॅम चुकेल हे माझ्या डोक्यातच शिरत नव्हतं, आणि त्याला कारण आहे.

आम्ही हॅस्केलमध्ये लिहायचो. पुण्यात ही भाषा लिहिणारी माणसं तेव्हा बोटावर मोजण्याइतकी होती आणि आम्हाला त्याचा भारी तोरा होता. ही भाषा प्रोग्रॅम चालवण्याआधी इतकी कडक तपासणी करते की निम्म्या चुका दारातच अडतात. तिने एकदा ‘चालेल’ म्हटलं, म्हणजे आमच्या बोलीत प्रोग्रॅम कंपाइल झाला, की आम्ही लॅपटॉप मिटून चहाला जायचो. “कंपाइल झालं की झालं,” असं आगाशेसर म्हणायचे, आणि सर म्हणाले म्हणजे आम्ही सगळे तेच म्हणायचो.

विद्याधर आगाशे म्हणजे आमच्या कंपनीचे मालक आणि पुण्यातल्या हॅस्केलवाल्यांच्या मंडळाचे कर्तेधर्ते. मी जतची, सांगलीच्या कॉलेजात गणितात बीएस्सी केलेली. इंजिनिअरिंगची पदवी नसताना मला नोकरी देणारा हा एकच माणूस भेटला होता. त्यांचे उपकार होते माझ्यावर, आणि ते मी विसरले नव्हते. आजही नाही.

“चाचा, पुण्यात कुठे उतरलात?”

“भाची हाय कोंढव्याला.”

“रविवारपर्यंत राहा. मी बघते.”

“काय बगनार?”

“भोंगा.”

शनिवारी ऑफिसला सुट्टी. मी सकाळी जाऊन लॅबमध्ये आहे तसंच तापमानाचं यंत्र टेबलावर मांडलं, भोंग्याच्या जागी एक छोटा बझर जोडला, आणि लॅबमध्ये चालू असलेलाच प्रोग्रॅम लावला. माझे वडील वीज मंडळात वायरमन होते. लाइन बंद असल्याचा निरोप आला, वहीत सही झाली, तरी टेस्टर लावल्याशिवाय ते तारेला हात लावत नसत. इतकी वर्षं हे बघून मी शहाणी झाले असेन असं कुणालाही वाटेल. पण दोन वर्षांत त्या भोंग्याला मी पहिल्यांदाच टेस्टर लावत होते.

चहाचा गरम पेला यंत्राला टेकवला. आकडा चढायला लागला. अठ्ठावीस, तीस, चौतीस, एक्केचाळीस. बझर गप्प.

आधी वाटलं तार सुटली असेल. नव्हती. बझर खराब असेल म्हणून बदलला. तोही गप्प. मग वाटलं, तपासणीच चुकतेय. तिचं उत्तर काय येतंय ते बघू, म्हणून ते उत्तर पडद्यावर छापणारी एक ओळ मी प्रोग्रॅममध्ये घातली आणि पुन्हा पेला टेकवला.

बझर असा कोकलला की माझ्या हातातून पेला सुटला.

ओळ काढली. गप्प. ओळ घातली. कोकलला. असं मी सहा वेळा केलं आणि सहाव्यांदा मटकन खुर्चीत बसले. गोष्ट इतकी सोपी होती की शिकाऊ पोराला सांगितली तरी कळेल. हॅस्केल आळशी भाषा आहे. हा तिचा दोष नाही, स्वभाव आहे, आणि आम्ही तो कौतुकाने मिरवायचो. कुणी उत्तर मागितल्याशिवाय ती गणित सोडवतच नाही. ‘खोली तापली का’ हे गणित प्रोग्रॅममध्ये अगदी बरोबर मांडलेलं होतं, पण त्याचं उत्तर कुणी मागतच नव्हतं. म्हणून ते कधी सुटतच नव्हतं, आणि भोंगा वाजवायची आज्ञा त्या गणिताच्या पोटात होती.

पूर्वी मात्र उत्तर मागितलं जात होतं. मीच मागत होते. दोन वर्षांपूर्वी हा प्रोग्रॅम मी लिहिला तेव्हा उत्तर दर मिनिटाला नोंदवहीत छापणारी एक ओळ त्यात होती. फेब्रुवारीत आगाशेसरांनी सगळ्या प्रोग्रॅमची साफसफाई केली, त्यात ती निरुपयोगी म्हणून काढून टाकली. त्या दिवसापासून तो भोंगा मेलेला होता. एप्रिल उजाडेपर्यंत कुणाला पत्ता नाही.

मी तडक सरांच्या घरी गेले. ते गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. लॅपटॉप पुढे केला. त्यांनी झारी खाली ठेवली, वरून खाली एकदा वाचलं, आणि अर्ध्या मिनिटात त्यांचा चेहरा उतरला. हुशारीच्या बाबतीत मी त्यांच्यासमोर कधीच उभी राहू शकले नसते.

“अरे देवा,” ते हळूच म्हणाले.  “सोमवारी दुरुस्ती पाठवून दे. नेहमीच्या सुधारणांमध्ये.”

“आणि मगदुमांना काय सांगायचं?”

“काही नाही.”

“सर, त्या मुल्लांना काढलंय कामावरून.”

“मला माहीत आहे. वाईट झालं. पण सुरेखा, त्यांनी बटण दाबलं नव्हतं हे तू सिद्ध करू शकतेस का?”

“जो वाजलाच नाही तो ते बंद कसा करतील?”

“बैस.” त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. “दहा वर्षं मी लोकांच्या दारात जाऊन सांगतोय की ही भाषा भरवशाची आहे. दहा वर्षं लोक हसतायत. आत्ता कुठे दोन हॉस्पिटलं ऐकायला तयार झाली आहेत. पुढच्या महिन्यात परिषद आहे. आपला हा आळशीपणा भोंग्याच्या मुळावर आला, हे एकदा बाहेर गेलं की उद्या प्रत्येक जण हेच उदाहरण तोंडावर मारेल. ही एका कंपनीची गोष्ट नाही. सगळ्या मंडळाची आहे.”

“आणि मुल्लाचाचांची?”

“त्यांना आपण दुसरीकडे काम बघून देऊ.”

“त्यांना काम नकोय. झोपले नव्हते एवढंच हवंय.”

यावर त्यांनी अतिशय शांतपणे एक वाक्य उच्चारलं, आणि मी लॅपटॉप मिटून निघाले. ते वाक्य मी इथे आत्ता लिहीत नाही. लाज वाटते म्हणून. त्याची जागा पुढे आहे.

आमचं मंडळ महिन्यातून एका रविवारी सकाळी जमायचं, सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात. बुटके बाक, भिंतीवर मुलांनी काढलेली फळं आणि घागरी. पंधरावीस माणसं. तिथे एक रीत होती, सरांनीच घालून दिलेली. दर वेळी कुणीतरी एक प्रोग्रॅम भिंतीवर दाखवायचा, नाव झाकून. सगळ्यांनी तो ओळीओळीने वाचायचा आणि शंका विचारायच्या. ज्याने तो लिहिला त्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. समजवायला लेखक लागत असेल तर लिखाणच कच्चं, असा हिशोब. आलेला कुणीही प्रश्न विचारू शकतो, पाहुणासुद्धा.

रीत चांगली होती. मी तिचा मारही खाल्ला होता. दोन वर्षांपूर्वी हाच माझा प्रोग्रॅम इथे वाचला गेला तेव्हा ती छापायची ओळ बघून मृण्मयी पेठे म्हणाली होती, “पैठणी नेसलीय, पण किमतीची चिठ्ठी काढायची राहिलीय.” वर्ग हसला होता. मृण्मयी आमच्यात सगळ्यात तल्लख आणि सगळ्यात फटकळ. नाव झाकलेलं असूनही माझ्याकडे बघून हसले होते सगळे, कारण असलं गावठी कोण लिहिणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मी रीतीप्रमाणे गप्प बसले होते.

त्या रविवारी मी मुल्लाचाचांना घेऊन गेले. “हे माझे पाहुणे,” एवढंच सांगितलं. ते मागच्या बाकावर गुडघे आवळून बसले.

“आज कोण दाखवणार?” कुणीतरी विचारलं.

“मी,” मीच म्हणाले, आणि भिंतीवर प्रोग्रॅम लावला. चाळीस ओळी. सरांनी केलेली साफसफाई झाल्यानंतरचा.

सर पहिल्या बाकावर होते. एका नजरेत त्यांना कळलं. उठायला म्हणून त्यांनी बाकावर हात टेकवला, आणि तसेच थांबले. उठले असते तर तो प्रोग्रॅम कुणाचा हे सगळ्यांना कळलं असतं. त्यांचीच रीत होती. हात परत मांडीवर गेला. मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही, उलट बरं वाटलं. हे कबूल करते.

मृण्मयी मोठ्याने वाचायला लागली. “सुरेख आहे,” दहा ओळींनंतर म्हणाली. “एक शब्द जास्त नाही. सुरेखा, सुधारलीस की.”

वर्ग हसला. मीही हसले.

“ताई,” मागून चाचांचा आवाज आला. “ह्यात भोंगा कुटं हाय?”

सगळ्यांनी मान वळवली. मृण्मयीने कौतुकाने त्यांच्याकडे बघितलं आणि भिंतीजवळ जाऊन बोट ठेवलं. “हा बघा, काका. इथे तापमान येतं. इथे तपासतात. तीसच्या वर गेलं तर ही आज्ञा, भोंगा वाजव.”

“बरं. आनि तपास म्हनून ह्याला कोन सांगतंय?”

“ते… तपासणीचं उत्तर इथे ठेवलंय. मग ते उत्तर मागितलं की—” तिचं बोट खालच्या ओळीवर गेलं. मग त्याखालच्या. मग परत वर.  ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून आली, आणि या वेळी बोट फार हळू सरकत होतं. पुढच्या बाकावरचे दोघं उठून भिंतीशी गेले.

“कुणी मागतच नाहीये,” ती म्हणाली.

“म्हंजे?”

“म्हणजे भोंगा वाजणार नाही, काका.”

“खोली एक्केचाळीसला गेली तरी?”

“शंभरला गेली तरी नाही.”

चाचांनी मान हलवली. आनंद झाला म्हणून नव्हे. रात्रंदिवस एकच गोष्ट बोलून थकलेल्या माणसाला कुणी पहिल्यांदा ‘हो’ म्हटलं, तसं त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

मृण्मयी माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला. “सुरेखा, हे कुठे चालू आहे का? खऱ्या जागी? इतकी ढोबळ चूक तपासायला कुणी बसलं होतं की नाही?”

“बसलं होतं.” मी झाकलेली नावं उघडली. आमच्याकडे प्रत्येक बदलाखाली दोन नावं असत, करणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं. मी ती मोठ्याने वाचली. “बदल करणारे, विद्याधर आगाशे. तपासणारी, सुरेखा वाघमोडे. शेरा, ‘ठीक’.”

हीच ती जागा. शनिवारी गॅलरीत सर मला म्हणाले होते, “चूक माझी आहे असं म्हणतेस, पण खाली ‘ठीक’ कुणी लिहिलंय?” मी लिहिलं होतं. न चालवता, न बघता. माझी ओळ कापली जातेय हे मला दिसलं होतं, आणि ती का होती हे सगळ्या पुण्यात एकट्या मला ठाऊक असायला हवं होतं. पण मला त्या ओळीची लाज वाटत होती. पैठणीवरची चिठ्ठी निघाली तर बरंच, असं वाटलं होतं. म्हणून ‘ठीक’. मुल्लाचाचांची नोकरी सरांनी आणि मी, अशी दोघांनी मिळून घालवली होती.

 आगाशेसर उठले. “हा आपला घरातला विषय आहे. तो आपण—”

“सर, लेखक बोलत नाही,” मी म्हणाले.

 सर उभेच राहिले, तोंड अर्धवट उघडं. मी पुढे बोलले, “आणि घरातलं म्हणाल तर हे इस्माईल मुल्ला. मिरजेच्या लॅबचे ऑपरेटर. आपला भोंगा वाजला नाही म्हणून हे झोपले होते असं ठरलंय. यांना कामावरून काढलंय, लेकीसमोर. आपलं घर शाबूत आहे.”

 चित्रकलेच्या बाईंच्या टेबलावर कोरे कागद पडले होते. त्यातला एक मी ओढला आणि त्यावर लिहायला घेतलं. संगणकावर लिहायचा धीर नव्हता. तिथे खोडणं फार सोपं असतं.

लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, खाली सही केली आणि कागद सरांपुढे धरला.

“मी यावर सही करणार नाही,” ते म्हणाले. “तू काय करतेयस हे तुला कळत नाहीये. माणसं दहा वर्षं खपून काहीतरी उभं करतात.”

“हेही एकोणीस वर्षं खपलेत, सर.”

“उद्यापासून कामाला येऊ नकोस, सुरेखा.”

“उद्या मी मिरजेला आहे. तशीही येणार नव्हते.”

मृण्मयीने माझ्या हातातून कागद घेतला. पेन मागितलं नाही, तिच्याकडे होतं. माझ्या सहीखाली ‘मी हा प्रोग्रॅम वाचला, यात भोंगा वाजत नाही’ असं लिहून तिने सही ठोकली आणि कागद पुढच्या बाकावर सरकवला. सगळ्यांनी सह्या केल्या असं नाही. काही जण चपला शोधायला लागले. अकरा सह्या झाल्या.

आगाशेसरांनी पुढच्या महिन्यात परिषदेत ती चाळीस ओळींची गोष्ट सांगितली, असं मला मागाहून कळलं. नावं झाकून. मी तिथे नव्हते. पण सांगितली, हे खरं.

सोमवारी दुपारी आम्ही मिरजेला पोचलो. मगदुमांनी कागद उभ्या उभ्या वाचला, अकरा सह्यांवरून नजर फिरवली आणि चष्मा काढला.

“असं हाय होय,” ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. “तर मग काय प्रश्नच न्हाई. मुल्ला, उद्यापासनं ये कामावर. झालं गेलं सोडून दे. तुमी चा घ्या, म्याडम.”

“कामावर येतो, मालक,” चाचा म्हणाले. “पर आदी हे बायांत वाचा.”

“आता त्यांना काय कळतंय त्यातलं? काम चालू हाय.”

“झोपलो म्हनलेलं कळलं हुतं त्यांना.”

मगदूम माझ्याकडे बघायला लागले. मी चहाला हात लावला नव्हता. शेवटी ते उठले.

बाटल्या धुवायची शेड लांबट होती. दोन्ही बाजूंना सिमेंटचे हौद, त्यांच्या काठाने बसलेल्या बाया, हातात ब्रश, आणि काचेवर काच लागल्याचा नि मागच्या बाजूला चालू असलेल्या नळाचा एकसारखा आवाज. मालक आलेले बघून हात थांबले. पार शेवटच्या हौदाशी एक बाई मान खाली घालून बाटली घासतच राहिली. तीच नसीम असणार हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

मगदुमांनी कागद माझ्या हातात दिला. “तुमीच वाचा. तुमचीच चूक हाय.”

ते बरोबरच होतं. मी वाचलं.

“मागच्या रविवारी खोली तापली तेव्हा भोंगा वाजला नाही. तो वाजणं शक्यच नव्हतं. फेब्रुवारीपासून तो बंद होता, आणि तो आम्ही बंद केला होता. ज्यांनी बदल केला त्यांची चूक आहे, आणि ज्यांनी न बघता ‘ठीक’ लिहिलं त्यांची, म्हणजे माझी, तेवढीच आहे. इस्माईल मुल्ला यांनी बटण दाबलं नाही. ते झोपले नव्हते. सुरेखा वाघमोडे.”

 शेवटच्या हौदावरचा ब्रश थांबला होता. मगदुमांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “चला, झालं तर. कामाला लागा.”

“परत वाचा, म्याडम,” मुल्लाचाचा म्हणाले. ते जागचे हलले नव्हते. “मागं नळ चालू हुता.”

नसीम उठली, तिने नळ बंद केला आणि आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. मी पहिल्या शब्दापासून परत वाचलं.